माज की नाइलाज : अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधील एकतर्फी निकाल कसा जोखावा

मिशिगन, ओहायो, अलाबामा किंवा साउथ कॅरोलायनासारख्या राज्यांत शिकायला गेलेल्या मराठी मुलांना पहिल्या वर्षीच एक गोष्ट कळते. नोव्हेंबरच्या अखेरच्या शनिवारी आपल्या विद्यापीठाचा जुन्या प्रतिस्पर्ध्याशी फुटबॉलचा सामना असतो आणि त्या दिवशी गावात दुसरा विषय नसतो. सामना चुरशीचा झाला तर त्यावर बोलायला शब्द पुरत नाहीत. निकाल ४९–० किंवा ५५–२१ असा लागला, तर मात्र हरलेल्या बाजूचे लोक 'त्यांनी मुद्दाम गुण चढवले' असे म्हणतात आणि जिंकलेल्या बाजूचे लोक 'मग तुम्ही अडवायचे होते' असे उत्तर देतात. दोन्ही वाक्ये ऐकायला ठीक वाटतात, पण नेमके काय घडले ते त्यांतून कळत नाही. एवढा मोठा फरक माजामुळे झाला की नाइलाजाने, हे नीट पाहिले तर बहुतेक वेळा ठरवता येते. ते कसे ठरवावे, आणि अशा सामन्यात मैदानावर किंवा प्रेक्षकांत आपण असलो तर कसे वागावे, हे येथे मांडले आहे.

आधी आघाडी मोजायला शिका

या खेळात चेंडू घेऊन समोरच्याची गोलरेषा ओलांडली की टचडाउन होतो आणि त्याचे सहा गुण मिळतात. त्यानंतर चेंडू खांबांमधून मारून एक जादा गुण मिळवता येतो, किंवा जवळून पुन्हा एकदा गोलरेषा ओलांडण्याचा प्रयत्न करून दोन गुण मिळवता येतात. म्हणजे चेंडूचा ताबा एकदा मिळाला की जास्तीत जास्त आठ गुण पदरात पडतात. आघाडीला आठने भागले की मागे असलेल्या संघाला किती वेळा ताबा मिळवून प्रत्येक वेळी यशस्वी व्हावे लागेल, याचा अंदाज येतो. चार सत्रांच्या, साठ मिनिटांच्या सामन्यात प्रत्येक संघाकडे चेंडू साधारण बारा वेळा येतो, म्हणजे एका सत्रात सुमारे तीन वेळा. अशा प्रत्येक ताब्याला येथे फेरी म्हटले आहे. लागणाऱ्या फेऱ्या उरलेल्या फेऱ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त झाल्या की सामना संपला असे मानायला हरकत नाही. त्याआधी जिंकणाऱ्या प्रशिक्षकाने हात आखडता घ्यावा, अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

हा हिशोब उगाच मांडलेला नाही. २३ नोव्हेंबर १९६८ रोजी हार्वर्ड आणि येल हे दोन अपराजित संघ समोरासमोर आले होते आणि शेवटची ४२ सेकंदे उरली असताना येल २९–१३ असा पुढे होता. दोन टचडाउन आणि दोन्हींनंतर दोन-दोन जादा गुण असे सोळा गुण हार्वर्डने तेवढ्या वेळात मिळवले आणि सामना २९–२९ असा बरोबरीत सुटला. २००६ मध्ये नॉर्थवेस्टर्नच्या मैदानावर मिशिगन स्टेट तिसऱ्या सत्रात ३–३८ असा मागे पडला होता. पस्तीस गुण म्हणजे पाच यशस्वी फेऱ्या, आणि तेवढ्या फेऱ्या अजून शिल्लक होत्या. तो सामना मिशिगन स्टेटने ४१–३८ असा जिंकला. हे दोन सामने ज्या प्रशिक्षकाला आठवत असतील, तो मध्यंतराला तीस गुणांनी पुढे असतानाही आपली पहिली फळी मैदानावर ठेवील, आणि त्यात काहीही गैर नाही.

म्हणून पहिला नियम असा की पूर्वार्धात कितीही गुण झाले तरी तक्रार करू नये. तक्रारीचा विचार करायचाच असेल तर तिसऱ्या सत्राच्या अखेरीपासून करावा.

मग गुण सोडून निर्णय पाहा

सामना हातातून गेल्यावर गुणफलक फारसे काही सांगत नाही. जिंकणारा प्रशिक्षक कोणाला खेळवतो, कोणती खेळी निवडतो आणि घड्याळाशी कसा वागतो, या तीन गोष्टींवर नजर ठेवावी.

पहिली गोष्ट पाहणे सर्वांत सोपे असते. मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन पास फेकणारा आणि खेळी चालवणारा खेळाडू, डोक्यावरचे हेल्मेट काढून बाजूरेषेवर उभा आहे का, हे टीव्हीवरही दिसते. दुसऱ्या गोष्टीसाठी थोडी सवय लागते. चेंडू धावपटूच्या हातात देऊन मध्यातून धावले की घड्याळ चालू राहते, आणि पास जमिनीवर पडला की ते थांबते. पुढे असलेला संघ चौथ्या सत्रात लांब पास फेकत असेल, तर तो सामना संपवण्याऐवजी लांबवत आहे. तिसरी गोष्ट घड्याळाची. एक खेळी संपल्यानंतर पुढची सुरू करायला चाळीस सेकंदे मिळतात. जो संघ ती जवळजवळ सगळी वापरतो, तो न बोलता समोरच्याला सांगत असतो की आता लवकर घरी जाऊ या.

या कसोट्या काही प्रसिद्ध सामन्यांना लावून पाहिल्या की त्यांचा उपयोग कळतो. जॉर्जिया आणि फ्लोरिडा यांचा सामना एरवी जॅक्सनव्हिल येथे होतो, पण १९९५ मध्ये तेथील मैदानाचे काम चालू असल्यामुळे तो जॉर्जियाच्या घरच्या मैदानावर, अथेन्स येथे झाला. फ्लोरिडाचे प्रशिक्षक स्टीव्ह स्परियर यांना त्या मैदानावर पन्नाशी गाठायची होती, आणि निकाल ठरून गेल्यावर अखेरच्या मिनिटांत पास फेकून त्यांच्या संघाने ती गाठली. निकाल ५२–१७ लागला. याच दोन संघांत २००७ साली जॉर्जियाने पहिला टचडाउन केल्यावर त्यांचा सगळा संघ बाकांवरून धावत जाऊन गोलक्षेत्रात नाचला आणि पुढे ४२–३० असा जिंकला. पुढच्या वर्षी फ्लोरिडा ४९–१० असा पुढे असताना आणि जेमतेम ४४ सेकंदे उरलेली असताना प्रशिक्षक अर्बन मायर यांनी राखून ठेवलेले टाइमआउट घेतले, म्हणजे जॉर्जियाच्या खेळाडूंना तो गुणफलक आणखी काही वेळ पाहावा लागला. टाइमआउटच्या या प्रसंगात एकही गुण वाढला नाही, तरीही माझ्या मते तो १९९५ च्या प्रसंगापेक्षा अधिक अखिलाडू होता. टाइमआउट हे वेळ वाचवण्याचे साधन आहे. ज्याला वेळेची गरजच नाही त्याने ते वापरले, तर हेतू अपमानाचाच असतो.

दोन गुणांचा प्रयत्न ही आणखी एक खूण. आघाडी एका टचडाउनच्या आसपास असते तेव्हा त्या जादा गुणाचा हिशोब असतो. मोठ्या आघाडीवर मात्र त्याला काही कारण उरत नाही. २००९ मध्ये लॉस एंजेलिस येथे स्टॅनफर्डने सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठावर चौथ्या सत्रात ४८–२१ अशी आघाडी घेतली आणि प्रशिक्षक जिम हारबॉ यांनी दोन गुणांसाठी प्रयत्न केला. तो फसला, पण सामना ५५–२१ असा संपल्यावर मैदानाच्या मध्यभागी हस्तांदोलन करताना हरलेले प्रशिक्षक पीट कॅरल यांनी 'तुमचे काय बिनसले आहे' अशा अर्थाचा प्रश्न त्यांना विचारला. त्यापूर्वीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ओहायो स्टेटच्या वूडी हेज यांचे आहे. हार्वर्ड आणि येल बरोबरीत सुटले त्याच दिवशी कोलंबसमध्ये ओहायो स्टेटने मिशिगनविरुद्ध पन्नास गुण केले आणि शेवटच्या टचडाउननंतर हेज यांनी दोन गुणांचा प्रयत्न केला. तोही फसला आणि निकाल ५०–१४ राहिला. 'तीन गुण घेता येत नव्हते म्हणून दोन घ्यायला गेलो' असे उत्तर त्यांच्या तोंडी घातले जाते. ते ऐकायला झणझणीत असले तरी दंतकथा म्हणूनच धरावे.

उलट बाजूची उदाहरणे तितकीच मोलाची आहेत, पण त्यांची चर्चा कमी होते. २००३ मध्ये ओक्लाहोमाने टेक्सस ए अँड एम विरुद्ध तीन सत्रांतच ७७–० अशी आघाडी घेतली होती. चौथ्या सत्रात मात्र त्यांनी एकही गुण केला नाही. २०१२ मध्ये अलाबामा मध्यंतरालाच ऑबर्नविरुद्ध ४२–० असा पुढे होता आणि संपूर्ण उत्तरार्धात त्याने फक्त एक टचडाउन केला. ४९–० हा आकडा क्रूर दिसतो, पण त्यातले बेचाळीस गुण सामना जिवंत असताना झाले होते. निकाल वाचताना सत्रागणिक गुणांची ओळ पाहण्याची सवय लावून घ्यावी. कोणत्याही सामन्याच्या वृत्तात ती छापलेली असते.

राखीव खेळाडूंवर राग काढू नका

येथे बरेच सज्जन प्रेक्षकही चूक करतात. दुसरी फळी मैदानात आली की तिने चेंडू घेऊन नुसते उभे राहावे, असे त्यांना वाटते. जो मुलगा पहाटे उठून व्यायाम करतो, आठवडाभर सरावात पहिल्या फळीचा मार खातो आणि वर्षाकाठी मोजून वीस मिनिटे खेळतो, त्याच्यासाठी ४५–३ असा गुणफलक असलेले चौथे सत्र हाच खरा सामना असतो. २०१८ पासून पहिल्या श्रेणीच्या कॉलेज फुटबॉलमधील खेळाडू वर्षात चार सामन्यांपर्यंत खेळला तरी त्याचे पात्रतेचे एक वर्ष खर्ची पडत नाही. त्यामुळे अगदी नवख्या मुलांनाही अशा वेळी उतरवले जाते. त्यांपैकी एखादा साध्या धावखेळीत मोकळी वाट मिळून साठ यार्ड पळाला आणि टचडाउन झाला, तर तो अपराध नाही. त्याने गोलरेषेपाशी मुद्दाम खाली बसावे, ही अपेक्षा तर समोरच्यालाही अपमानकारक वाटते, कारण दया दाखवल्याचे सगळ्या मैदानाला दिसते. राखीव खेळाडूंनी साध्या खेळ्या पूर्ण जोमाने खेळाव्यात. संयम दाखवायचा असतो तो खेळी निवडणाऱ्या प्रशिक्षकाने.

एक सबबही तपासून पाहावी लागते. मोठ्या फरकाने जिंकले की मानांकन वाढते, असे प्रशिक्षक सांगत असत आणि एके काळी ते खरे होते. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यासाठी १९९८ पासून जी पद्धत आली तिच्यात संगणकीय क्रमवारीला महत्त्व होते आणि काही संगणकीय सूत्रे विजयाचा फरक मोजत होती. २००२ च्या हंगामापासून ती सूत्रे फरकाकडे दुर्लक्ष करतील, असे ठरले. २०१४ च्या हंगामापासून संघ निवडणाऱ्या समितीच्या नियमांतही फरकाला उत्तेजन द्यायचे नाही, असे म्हटले आहे. मतदान करणारी माणसे शेवटी गुणफलक पाहतातच, म्हणून ही सबब पूर्ण खोटी म्हणता येत नाही. पण २००२ नंतरच्या सामन्यात ती पुढे केली गेली, तर तिला निम्मेच वजन द्यावे.

जिंकणाऱ्या बाजूला असाल तर

विद्यार्थी संघटनांचे हौशी संघ किंवा शालेय संघ सांभाळणाऱ्या मराठी पालकांनाही हे उपयोगी पडेल. आठने भागण्याचा हिशोब पूर्ण झाला की आधी क्वार्टरबॅक बदलावा आणि मग बाकीची पहिली फळी टप्प्याटप्प्याने बाहेर काढावी, कारण अकराच्या अकरा एकदम बदलले तर नवख्यांना दुखापत होण्याचा धोका वाढतो. खेळ्या मध्यातून धावण्याच्या ठेवाव्यात. फसव्या खेळ्या, दोन गुणांचे प्रयत्न आणि पुन्हा ताबा मिळवण्यासाठी मारलेली आखूड किक त्या दिवसापुरती बंद करावी. शेवटची दोन मिनिटे उरली, चेंडू आपल्याकडे असला आणि समोरच्याकडे टाइमआउट उरले नसले, तर क्वार्टरबॅकने चेंडू घेऊन गुडघा टेकावा. चाळीस-चाळीस सेकंदांच्या अशा तीन खेळ्यांत सामना संपतो.

आणखी एक मार्ग नियमांतच आहे, पण तो फार थोड्यांना माहीत असतो. दोन्ही मुख्य प्रशिक्षक आणि मुख्य पंच यांची संमती असेल, तर उरलेल्या सत्रांची वेळ कमी करता येते. अनेक राज्यांच्या शालेय फुटबॉलमध्ये मोठ्या आघाडीनंतर घड्याळ न थांबवता चालू ठेवण्याचा नियम आहे. कॉलेज पातळीवर तशी सक्ती नाही, म्हणूनच ही परस्परसंमती महत्त्वाची ठरते. ७ ऑक्टोबर १९१६ रोजी अटलांटा येथे जॉर्जिया टेकने कंबरलँडविरुद्ध मध्यंतरापर्यंत १२६–० अशी आघाडी घेतली होती आणि उत्तरार्धाची वेळ कमी करूनही निकाल २२२–० लागला. कंबरलँडने आपला संघ आधीच बंद केला होता, पण सामना रद्द केल्यास ३,००० डॉलर भरावे लागले असते म्हणून कशीबशी मुले गोळा करून ते आले होते. जॉर्जिया टेकचे प्रशिक्षक जॉन हाइजमन यांच्या मनात त्याच वर्षी कंबरलँडकडून बेसबॉलमध्ये झालेल्या २२–० अशा पराभवाचा सल होता. त्या बेसबॉल संघात व्यावसायिक खेळाडू घुसवले होते, असा संशय होता. हाइजमन यांच्या नावाने आज कॉलेज फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूचे पारितोषिक दिले जाते. तो मान त्यांना शोभतो, पण त्या दुपारचे समर्थन मला करता येत नाही. ज्यांनी बेसबॉलमध्ये फसवले ते एक होते आणि अटलांटाला मार खायला आलेली मुले दुसरीच होती.

हरणाऱ्या बाजूला असाल तर

हरणाऱ्यांचीही जबाबदारी असते, हे सहसा कोणी सांगत नाही. तुमचा संघ पाच फेऱ्यांनी मागे असताना पहिल्या फळीसह लांब पास फेकत असेल आणि टाइमआउट घेऊन सामना लांबवत असेल, तर समोरच्याने हत्यारे म्यान करावीत, असे तुम्ही म्हणू शकत नाही. लढायचे असेल तर जरूर लढावे, मग गुणांची तक्रार करू नये. सामना सोडायचा असेल, तर प्रशिक्षकाने स्वतः पंचांकडे जाऊन वेळ कमी करण्याचा विषय काढावा. त्यात कमीपणा काहीच नाही.

मैदान सोडून जाणे मात्र वाईट. मराठी वाचकांना यासाठी दूर जायला नको. पुण्यात डिसेंबर १९४८ मध्ये काठियावाडविरुद्धच्या रणजी सामन्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते आणि ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा त्या वेळचा विक्रम नऊ धावांवर होता. काठियावाडच्या कर्णधाराने त्याच वेळी सामना सोडून दिला आणि संघ मैदानाबाहेर गेला. निंबाळकरांना कसोटी सामनाही कधी मिळाला नाही, त्यामुळे त्या नऊ धावांची हळहळ आजही वाटते. एकतर्फी सामन्यात जिंकणाऱ्याच्या माजाकडे सगळे बघतात. हरणाऱ्याचा माजही तेवढाच दुखावणारा असतो.

रागाच्या भरात हात उचलणे हे त्याहून वाईट. २००४ मध्ये क्लेमसन आणि साउथ कॅरोलायना यांच्या सामन्यात क्लेमसन २९–७ असा जिंकत असताना मैदानावर मोठी हाणामारी झाली. त्यानंतर दोन्ही विद्यापीठांनी हंगामानंतरच्या बोल सामन्याचे निमंत्रण स्वीकारायचे नाही, असे ठरवले. ज्यांनी एकही ठोसा मारला नव्हता, अशा शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंची कारकीर्दही त्यामुळे तेथेच संपली.

पुढचे वर्ष लक्षात ठेवा

इतर प्रतिस्पर्ध्यांशी एकदा खेळून गाठ सुटते, पण जुन्या प्रतिस्पर्ध्याशी ती दरवर्षी पडते. म्हणूनच येथे शेवटच्या पाच मिनिटांतले वागणे अधिक जपावे लागते. अलाबामा आणि ऑबर्न यांच्यातले सामने एक्केचाळीस वर्षे बंद होते. ते १९४८ मध्ये पुन्हा सुरू झाले तेव्हा अलाबामा ५५–० असा जिंकला आणि १९४९ मध्ये ऑबर्नने १४–१३ अशी परतफेड केली. २०१२ च्या ४९–० नंतरच्या वर्षी, २८–२८ अशी बरोबरी आणि एक सेकंद शिल्लक असताना, अलाबामाची हुकलेली किक झेलून ऑबर्नचा ख्रिस डेव्हिस संपूर्ण मैदान धावत गेला आणि ऑबर्न ३४–२८ असा जिंकला. १९६८ च्या ५०–१४ नंतर मिशिगनने बो शेंबेकलर यांना प्रशिक्षक नेमले. ते पूर्वी वूडी हेज यांचेच सहायक होते. प्रतिस्पर्ध्याची नक्कल करणाऱ्या आपल्या सराव संघाला त्यांनी पन्नास क्रमांकाचे अंगरखे घालायला लावले, म्हणजे तो आकडा रोज डोळ्यांसमोर राहावा. पुढच्या वर्षी ओहायो स्टेट सलग २२ सामने जिंकून आलेला होता, आणि मिशिगनने त्याला २४–१२ असे हरवले. अपमानामुळेच हे विजय मिळाले, असे मी म्हणणार नाही, कारण हे संघ मुळातच चांगले झाले होते. पण सरावात त्यांच्या अंगावर कोणता आकडा होता, हे ओहायो स्टेटनेच ठरवून दिले होते.

प्रेक्षक म्हणून आपल्या हाती थोडेच असते, पण ते करावे. आपला संघ मोठ्या आघाडीवर असताना आणखी गुणांसाठी ओरडू नये, कारण प्रशिक्षकावरचा दबाव तेथूनच सुरू होतो. राखीव मुलांना नावाने दाद द्यावी. समोरच्या संघाचा खेळाडू जखमी होऊन उठला, तर टाळ्या वाजवाव्यात. सामना संपल्यावर दोन्ही प्रशिक्षक मैदानाच्या मध्यभागी भेटेपर्यंत जागेवर थांबावे. तेथे काय घडते त्यावरून चौथे सत्र त्या दोघांना कसे वाटले, ते कळते.

आणि रात्री उशिरा मुलाचा फोन आला, 'आई, त्यांनी आम्हाला एकोणपन्नास गुण मारले' असे तो म्हणाला, तर त्याला आधी दोन गोष्टी विचाराव्यात. त्यांतले मध्यंतरापूर्वी किती झाले, आणि शेवटी क्वार्टरबॅक कोण होता?